गोळीचा प्रक्षेपगुणांक व लांब पल्ल्याची शिकार

यामिकीच्या प्रारंभिक पाठ्यपुस्तकांत प्रक्षेप्याचा मार्ग अन्वस्त असतो असे शिकविले जाते. गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडलेला हा सिद्धान्त हाताने फेकलेल्या दगडाला बहुतांशी लागू पडतो. रायफलीच्या गोळीला मात्र तो मुळीच लागू पडत नाही. ११.३ ग्रॅम वजनाची व ७.८ मिलिमीटर व्यासाची एखादी आधुनिक गोळी ८०० मी./से. वेगाने नळीच्या बाहेर पडते, तेव्हा हवेच्या विरोधामुळे तिला होणारे मंदन सुमारे ५०० मी./से.² इतके, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या पन्नास पट असते. पाठ्यपुस्तकात गुरुत्वाकर्षण हे मुख्य आणि वायुरोध हे ‘उपेक्षणीय’ मानले जाते. गोळीच्या बाबतीत हे नाते नेमके उलटे होते. हा वायुरोध एखादी गोळी कितपत यशस्वीपणे भेदून जाते ह्याचे जे माप शस्त्रशास्त्रात रूढ आहे, त्याला इंग्रजीत ‘बॅलिस्टिक कोइफिशंट’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘प्रक्षेपगुणांक’ ही संज्ञा योजली आहे.

ह्या गुणांकाची चर्चा आज युद्धशास्त्रापेक्षाही अधिक हिरिरीने लांब पल्ल्याच्या शिकारीच्या संदर्भात होते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत मोकळ्या माळांवर आणि डोंगरउतारांवर एल्क, काळवीटसदृश प्राँगहॉर्न इत्यादी प्राण्यांची शिकार परवान्यावर चालते, आणि तेथे पाचशे मीटरांवरून नेम धरण्याची प्रथा गेल्या काही दशकांत वाढली आहे. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम व १९९१ ची त्यातील दुरुस्ती ह्यांनंतर छंद म्हणून शिकार करणे कायद्याने निषिद्ध आहे. तेव्हा येथील अभ्यासकाला ह्या विषयाचे महत्त्व व्यावहारिक नाही. परंतु एक संख्या प्रयोगशाळेत कशी जन्मते, बाजारात तिचा अर्थ कसा बदलतो, आणि तिच्यावर किती भार टाकणे युक्त आहे, हे पाहण्यास इतके सुबक उदाहरण क्वचितच मिळेल. शिवाय ह्या संख्येवर अवाजवी विसंबल्याचे प्रायश्चित्त शिकाऱ्याला भोगावे लागत नाही. ते पोटात किंवा पायात गोळी घेऊन रानात नाहीशा झालेल्या जनावराला भोगावे लागते.

प्रथम व्याख्या पाहू. हवेच्या विरोधाचे बल गोळीच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. त्या बलाला दाद न देण्याची शक्ती वस्तुमानावर अवलंबून असते. म्हणून वस्तुमानाला व्यासाच्या वर्गाने भागून येणारी राशी ही पहिली महत्त्वाची राशी होय. तिला छेदघनता म्हणतात. परंतु समान वजनाच्या व समान व्यासाच्या दोन गोळ्यांपैकी एकीचे टोक बोथट व दुसरीचे अणकुचीदार असेल, तर दोहोंवरील विरोध भिन्न असणार. हा भेद आकारगुणकाने व्यक्त होतो: एखाद्या प्रमाण प्रक्षेप्याच्या मानाने प्रस्तुत गोळीला, समान वेगास, किती पट विरोध होतो ते त्याने कळते. छेदघनतेला आकारगुणकाने भागले की प्रक्षेपगुणांक मिळतो. वस्तुमान पौंडांत व व्यास इंचांत घेण्याची रूढी आहे, आणि एक पौंड वजनाच्या, एक इंच व्यासाच्या प्रमाण प्रक्षेप्याचा गुणांक अर्थातच १ ठरतो. ही संख्या बहुधा एककाशिवाय छापली जाते, त्यामुळे ती निर्मितीक आहे असा विद्यार्थ्यांचा समज होतो. तो चुकीचा आहे. ती वस्तुमान भागिले क्षेत्रफळ ह्या मितीची राशी असून तिचे एकक पौंड प्रतिचौरस इंच हे आहे.

ह्या व्याख्येत ‘प्रमाण प्रक्षेप्य’ हा शब्द सहज येऊन जातो. पण सगळी मेख त्यातच आहे. प्रक्षेपगुणांक हा गोळीचा स्वतंत्र गुणधर्म नाही. तो एक तुलना आहे, आणि तुलनेचा दुसरा पक्ष कोणता हे सांगितल्याशिवाय तिला अर्थ नाही. हा दुसरा पक्ष कसा अस्तित्वात आला हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

वायुरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो असे न्यूटनने प्रतिपादिले होते. १७४२ मध्ये बेंजामिन रॉबिन्स ह्या इंग्रज गणितज्ञाने तोफविद्येवरील आपल्या ग्रंथात प्रक्षेपलंबकाचे वर्णन दिले. टांगलेल्या जड लाकडी ठोकळ्यात गोळी मारून, ठोकळा किती मागे झुलतो ह्यावरून तिचा वेग काढण्याची ही युक्ती आजही पदवी वर्गाच्या प्रयोगांत आढळते. निरनिराळ्या अंतरांवर वेग मोजून रॉबिन्सने दाखविले की, मस्केटच्या गोळीवरील हवेचा विरोध तिच्या वजनाच्या शंभर पटींहून अधिक असू शकतो. इतकेच नव्हे, तर वेग ध्वनिवेगाच्या जवळपास पोहोचला की विरोध वर्गाच्या नियमाहून एकाएकी अधिक वाढतो, हेही त्याच्या ध्यानात आले. ऑयलरला ह्या ग्रंथाचे महत्त्व इतके वाटले की, १७४५ मध्ये त्याने स्वतःच्या विस्तृत भाष्यासह त्याचे जर्मन भाषांतर केले. विरोधाचा नियम कोणत्याही एका साध्या सूत्रात बसत नाही ही अडचण तेव्हापासून आजतागायत कायम आहे.

एकोणिसाव्या शतकात ह्या अडचणीवर सिद्धान्ताने मात केली नाही, मोजमापाने केली. वुलिच येथील तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकविणारे रेव्हरंड फ्रान्सिस बॅशफोर्थ ह्यांनी १८६० नंतरच्या दशकात विद्युत्कालमापक बनविला. एकामागे एक उभ्या केलेल्या पडद्यांतून गोळा पार होताना लागणारा काल त्याने टिपता येई. १८८० च्या सुमारास जर्मनीत क्रुप कारखान्याने मेप्पेनच्या मैदानावर, आणि फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील गाव्र येथील आयोगाने, अशाच मोजण्या मोठ्या प्रमाणावर केल्या. क्रुपच्या आकड्यांवरून रशियन तोफशास्त्रज्ञ मायेव्हस्की ह्याने वेगाच्या निरनिराळ्या टप्प्यांसाठी निरनिराळे घातांक बसविले. इटालियन फ्रान्चेस्को सियाच्ची ह्याने १८८० मध्ये गणनेची सुटसुटीत रीत काढली. अमेरिकन कर्नल इंगॉल्स ह्याने त्यांवरून कोष्टके सिद्ध केली. कल्पना अशी की, एका प्रमाण गोळ्याचे कोष्टक एकदा परिश्रमपूर्वक तयार करावे आणि इतर प्रत्येक गोळ्यासाठी केवळ एक गुणांक काढून तेच कोष्टक वापरावे. यंत्रगणक नसलेल्या काळात ही केवढी मोठी सोय होती ह्याची आज कल्पना करणे कठीण आहे.

अट एकच होती: नवा गोळा आणि प्रमाण गोळा ह्यांच्या आकारांत साम्य असले पाहिजे. त्या काळचा प्रमाण गोळा आखूड, सपाट बुडाचा आणि दोन व्यास त्रिज्येच्या वक्राने गोलावलेल्या डोक्याचा होता. गाव्रच्या आद्याक्षरावरून पुढे ‘जी-१’ हे नाव रूढ झाले, ते ह्याच घाटाच्या प्रक्षेप्याचे. त्या काळच्या तोफगोळ्यांना तो शोभत होता. परंतु रायफलीच्या गोळ्यांनी लवकरच रूप पालटले. फ्रान्सच्या सैन्याने १८९८ च्या सुमारास ‘बाल डी’ नावाची, टोकदार आणि बुडाकडे निमुळती होत जाणारी पितळी गोळी सिद्ध केली. जर्मनीने १९०५ मध्ये आणि अमेरिकेने १९०६ मध्ये टोकदार गोळी स्वीकारली. ह्या दोहोंचे बूड मात्र सपाटच राहिले होते.

त्या बुडाची किंमत काय, हे अमेरिकन सैन्याला पहिल्या महायुद्धात कळले. १९०६ च्या १५० ग्रेन वजनाच्या गोळीचा महत्तम पल्ला ४,७०० यार्ड असल्याचे अधिकृत पुस्तकांत नमूद होते. मशीनगनचा दूरवर वर्षाव करण्याची वेळ आली, तेव्हा गोळ्या अपेक्षित स्थळाच्या कितीतरी अलीकडे पडू लागल्या. पुढे फ्लॉरिडातील डेटोना येथील समुद्रकिनाऱ्यावर व अन्यत्र रीतसर परीक्षणे झाली, आणि खरा पल्ला ३,४०० यार्डांच्या आसपास, म्हणजे छापील आकड्याच्या तीनचतुर्थांशाहूनही कमी असल्याचे निष्पन्न झाले. टोकदार गोळी स्वनातीत वेगात उत्तम चालते; पण वेग ध्वनीच्या खाली गेल्यावर सपाट बुडामागे निर्माण होणारी पोकळी तिला मागे खेचीत राहते. १९२० नंतरच्या दशकात स्वित्झर्लंडच्या धर्तीवर निमुळत्या बुडाची, सुमारे १७३ ग्रेनची नवी गोळी स्वीकारण्यात आली आणि पल्ला साडेपाच हजार यार्डांच्या घरात गेला. ती इतकी दूर जाऊ लागली की, अनेक सराव-मैदानांच्या सुरक्षित सीमा तिला अपुऱ्या पडल्या, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर सैन्याने पुनश्च सपाट बुडाची हलकी गोळी काढली!

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मेरीलँडमधील अबर्डीन येथील प्रक्षेपशास्त्रीय प्रयोगशाळेत आणखी काही प्रमाण प्रक्षेप्ये निश्चित झाली. त्यांतील ‘जी-७’ हे लांब निमुळत्या डोक्याचे व साडेसात अंशांनी निमुळते होत जाणाऱ्या बुडाचे असून आधुनिक लांब पल्ल्याच्या गोळीशी त्याचे जवळचे साम्य आहे. म्हणजे शास्त्रीय दृष्ट्या प्रश्न तेव्हाच सुटला होता. तरीही काडतुसांच्या व्यापारात जुने जी-१ टिकून राहिले. ह्याचे एक कारण रूढी. दुसरे कारण उघडपणे फारसे बोलले जात नाही: जी-१ नुसार काढलेला आकडा मोठा येतो. सिएरा ह्या अमेरिकन कंपनीच्या ०.३०८ इंच व्यासाच्या, १७५ ग्रेन वजनाच्या सुप्रसिद्ध गोळीचा गुणांक जी-१ प्रमाणाने ०.५०५ आहे; जी-७ प्रमाणाने तोच ०.२४३ भरतो. गोळी तीच, हवा तीच, विरोध तोच. डबीवर ०.५०५ छापले तर ग्राहक प्रभावित होतो, ०.२४३ छापले तर बिचकतो, एवढाच काय तो फरक.

ह्या दोन आकड्यांपैकी अधिक उपयुक्त कोणता हे पडताळण्याचा सोपा मार्ग आहे. ह्या गोळीची छेदघनता ०.२६३ आहे, म्हणून तिचा आकारगुणक जी-१ ने ०.५२ व जी-७ ने १.०८ येतो. पहिल्याचा अर्थ असा की, तिला प्रमाण प्रक्षेप्याच्या जवळजवळ निम्माच विरोध होतो. दुसऱ्याचा असा की, विरोध प्रमाणाइतकाच, किंचित अधिक आहे. जेथे साम्य अधिक तेथे गुणक एकाच्या निकट असतो आणि वेग बदलला तरी फारसा ढळत नाही. जी-१ ने काढलेला गुणांक मात्र वेगाबरोबर सरकत जातो. ह्याच गोळीसाठी कंपनीला तीन आकडे द्यावे लागले आहेत: ८५३ मी./से. च्या वर ०.५०५, त्याखाली ५४९ मी./से. पर्यंत ०.४९६, आणि त्याही खाली ०.४८५. ज्याला स्थिरांक म्हणून मिरवले जाते, त्याची ही स्थिती. जाहिरातीत तिघांपैकी कोणता आकडा झळकतो हे सांगण्याचे कारण नाही.

आता मुख्य प्रश्न. अधिक गुणांकाच्या गोळीने शिकाऱ्याचा नेमका कोणता लाभ होतो? सर्वसाधारण समजूत अशी की, तिचा मार्ग अधिक सरळ असतो, ती कमी खाली उतरते. ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. स्वनातीत वेगाच्या बऱ्याच मोठ्या टप्प्यात टोकदार गोळीचा विरोधगुणक वेगाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, असे मोजमापांवरून दिसते. म्हणजे मंदन वेगाच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात असते. हा नियम गृहीत धरला की समीकरणे कोष्टकांवाचून सुटतात. वेगाचे वर्गमूळ अंतराबरोबर सम प्रमाणात घटत जाते, आणि कोणत्याही अंतरापर्यंतचा सरासरी वेग हा आरंभवेग व अंतिम वेग ह्यांचा भूमितीय मध्य असतो. विद्यार्थ्यांनी हे दोन्ही निष्कर्ष स्वतः काढून पाहावेत. दोन ओळींचे काम आहे.

ह्या आधारे समान व्यासाच्या दोन गोळ्यांची तुलना करू. पहिली जड: १७५ ग्रेन, जी-७ गुणांक ०.२४३, आरंभवेग ८०० मी./से. दुसरी हलकी, सपाट बुडाची: १५० ग्रेन, गुणांक ०.१८५, आरंभवेग ८६० मी./से. दोघींची नळीच्या तोंडाशी गतिज ऊर्जा जवळजवळ समान, सुमारे ३,६०० ज्यूल आहे. म्हणजे दारूचा जोर आणि खांद्याला बसणारा धक्का ह्यांत फार अंतर नाही. समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेत हलक्या गोळीला आरंभी गुरुत्वत्वरणाच्या चौऱ्याहत्तर पट मंदन होते, जडीला पन्नास पट. परिणामी ३०० मीटरांवर दोघींचे वेग समान, ६२५ मी./से., होतात. हलकीने साठ मीटरांची आघाडी तेथवर गमावलेली असते. ५०० मीटरांवर जडीचा वेग ५२० व हलकीचा ४९० मी./से. उरतो.

परंतु ५०० मीटर जाण्यास जडीला ०.७७५ सेकंद लागतात आणि हलकीला ०.७७०. नळीच्या रेषेपासून जड गोळी २.५७ मीटर खाली उतरते, हलकी २.४३ मीटर. म्हणजे कमी गुणांकाची गोळीच ५०० मीटरांवरसुद्धा थोडी लवकर पोहोचते आणि थोडी कमी उतरते! केवळ उतारावरून निवड करणारा शिकारी कमी गुणांकाची गोळी पसंत करील, आणि त्याच्या आकडेमोडीत काही चूक निघणार नाही.

चूक वेगळ्याच ठिकाणी आहे. उतार ही मोजता येणारी गोष्ट आहे. पूर्वी अंतर डोळ्याने अजमावावे लागे, आणि ५०० मीटरांवर २५ मीटरांच्या चुकीने गोळी सुमारे १७ सेंटिमीटर वर किंवा खाली जाई. लेसर किरणांनी अंतर मोजणारी उपकरणे सर्वसामान्य शिकाऱ्याच्या हाती आल्यापासून ही अनिश्चितता मीटर-दोन मीटरांवर आली. अंतर कळले की उतार कोष्टकातून मिळतो व दुर्बिणीवरील चकती फिरवून तो भरून काढता येतो; तो तीन मीटर आहे की पाच, ह्याला महत्त्व उरत नाही. वाऱ्याचे तसे नाही. शिकारी उभा असतो तेथील वारा यंत्राने मोजता येतो; पण मधल्या दरीतला, पलीकडच्या उतारावरचा वारा गवताच्या हेलकाव्यावरून आणि तापलेल्या हवेच्या थरथरीवरून अजमावावा लागतो. प्रक्षेपगुणांकाचे खरे कार्यक्षेत्र हे आहे.

वाऱ्याने गोळी बाजूला ढकलली जाते, म्हणून जितका वेळ ती हवेत राहील तितकी ती अधिक वाहवेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. तसे असते तर वरील दोन गोळ्या ५०० मीटरांवर सारख्याच वाहवल्या असत्या, कारण दोघींचा प्रवासकाल जवळजवळ एकच आहे. प्रत्यक्षात तसे होत नाही. त्याचे कारण पाहण्यासाठी वाऱ्याबरोबर त्याच्याच वेगाने सरकणारा एक निरीक्षक कल्पावा. त्याच्या दृष्टीने हवा स्थिर आहे, आणि गोळी पुढे जाता जाता वारा जिकडून येतो त्या बाजूला किंचित तिरपी निघालेली आहे. परिभ्रमणाने स्थिर झालेली गोळी आपले टोक ह्या सापेक्ष प्रवाहाकडे वळविते. विरोध तिच्या सापेक्ष गतीच्या बरोबर उलट दिशेने लागतो. उभ्या दिशेतले गुरुत्व बाजूला ठेवले तर अशा बलाने वेग घटतो, दिशा बदलत नाही. म्हणून ह्या निरीक्षकाला गोळी सरळ रेषेत जाताना दिसते, आणि लक्ष्याच्या अंतरापर्यंत ती वाऱ्याच्या उगमाकडे जितकी सरकते ते माप म्हणजे वाऱ्याचा वेग गुणिले निर्वात प्रदेशात लागला असता तो काल. आता भूमीवर परतावे: तेवढ्यात निरीक्षक स्वतः वाऱ्याबरोबर, वाऱ्याचा वेग गुणिले प्रत्यक्ष काल, इतका सरकला आहे. दोहोंची वजाबाकी केली की

विचलन = वाऱ्याचा वेग × (प्रत्यक्ष काल − निर्वात काल)

हे सूत्र मिळते. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच तोफशास्त्रज्ञ दिदिओं ह्याच्या नावाने ते ओळखले जाते. वाऱ्याला गोळीच्या प्रवासकालाशी कर्तव्य नाही. हवेमुळे तिला किती उशीर झाला ह्याच्याशी आहे. ह्या सूत्राचा एक मौजेचा परिणाम ०.२२ इंची लहान रायफलीत दिसतो: तिच्या जलद काडतुसाची गोळी ध्वनिवेगाच्या वर निघते व तेथील तीव्र विरोधाने झपाट्याने मंदावते, त्यामुळे १०० मीटरांवर ती स्वनाखालील वेगाने निघालेल्या मंद गोळीपेक्षा वाऱ्याने अधिक वाहवते.

आपल्या दोन गोळ्यांना ५०० मीटरांवर झालेला उशीर अनुक्रमे ०.१५० व ०.१८९ सेकंद आहे. ४ मी./से. चा वारा काटकोनात वाहत असेल तर जड गोळी ६० सेंटिमीटर व हलकी ७६ सेंटिमीटर वाहवेल. ३०० मीटरांवर हेच आकडे २० व २४, तर ७०० मीटरांवर १३० व १७० आहेत. वाढत्या गुणांकाचा लाभ अशा रीतीने स्पष्ट दिसतो, आणि तो उताराच्या हिशेबात लपून राहतो हेही दिसते.

परंतु हा लाभ शिकाऱ्याच्या परिभाषेत मांडल्याशिवाय त्याचे खरे मोल कळत नाही. हरणाच्या जातीच्या मध्यम आकाराच्या प्राण्याचे मर्मस्थान, म्हणजे हृदय व फुप्फुसे असलेला भाग, २० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाएवढा धरू. मध्यापासून १० सेंटिमीटरांहून अधिक चूक झाली तर ती जखम तत्काळ प्राणघातक ठरण्याची शाश्वती नाही. रायफल, दारू व हात ह्यांच्या सर्व चुका शून्य मानल्या, तरी एकट्या वाऱ्याच्या अंदाजात किती चूक क्षम्य आहे? ३०० मीटरांवर जड गोळीसाठी २.० मी./से., हलकीसाठी १.७. ५०० मीटरांवर जडीसाठी ०.६७, हलकीसाठी ०.५३. ७०० मीटरांवर ०.३१ आणि ०.२३. पाऊण मीटर प्रतिसेकंद म्हणजे ताशी पावणेतीन किलोमीटर. अर्धा किलोमीटर दूरच्या उतारावरचा वारा इतक्या सूक्ष्मतेने ओळखणारा मनुष्य विरळाच.

ह्या आकड्यांची दिशा लक्षात घ्यावी. उत्तम गोळीने क्षम्य चूक सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढते. अंतर ३०० वरून ५०० मीटरांवर गेल्याने ती एकतृतीयांश उरते. हीच गोष्ट उलट बाजूने सांगता येते. हलकी गोळी ५०० मीटरांवर वाऱ्याला जितकी बळी पडते, तितकीच जड गोळी सुमारे ५५४ मीटरांवर पडते. म्हणजे गुणांकात जवळजवळ एकतृतीयांश वाढ करून शिकाऱ्याने विकत घेतले ते साधारण चोपन्न मीटर. लाभ खरा आहे, पण त्याचा आकार एवढाच आहे. जो शिकारी ह्या चोपन्न मीटरांच्या बळावर तीनशे मीटरांवरून सहाशेवर जातो, त्याने गुणांकाच्या खात्यावर नसलेली रक्कम काढली असे म्हणावे लागेल.

हवेची घनता ह्याहूनही प्रभावी आहे. छापील गुणांक प्रमाण वातावरणासाठी असतो. अडीच हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या ७८ टक्के उरते. तेथे जड गोळीचे ५०० मीटरांवरील विचलन ६० वरून सुमारे ४५ सेंटिमीटरांवर येते. गोळी बदलून जेवढे साधते, जवळजवळ तेवढेच डोंगर चढून साधते. वायोमिंग किंवा कोलोराडोच्या पठारावर ज्याने आपली कोष्टके जुळविली, त्याने ती किनाऱ्यालगतच्या सखल प्रदेशात डोळे मिटून वापरू नयेत हे उघड आहे.

गुणांकाचा दुसरा उपयोग लक्ष्यावर उरणाऱ्या वेगाशी संबंधित आहे. शिकारीची गोळी शरीरात शिरल्यावर टोकाशी पसरली पाहिजे. तशी ती न पसरता आरपार गेली तर जखम अरुंद होते व जनावर दूरवर पळते. पसरणाऱ्या गोळीचा इतिहास कलकत्त्याजवळच्या डमडम येथील दारूगोळ्याच्या कारखान्याशी निगडित आहे. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात ती निषिद्ध ठरविली, शिकारीत मात्र तीच दयाळू मानली जाते. पुष्कळशा शिकारी गोळ्यांना खात्रीने पसरण्यासाठी ५५० मी./से. च्या आसपास वेग लागतो. जड गोळीचा वेग ४४१ मीटरांवर ह्या मर्यादेखाली जातो, हलकीचा ४०८ मीटरांवर. उर्वरित ऊर्जेतही भेद आहे: ५०० मीटरांवर जडीजवळ सुमारे १,५३० ज्यूल उरतात, हलकीजवळ १,१७०. स्कॉटलंडमध्ये हरणाच्या शिकारीसाठी ऊर्जेची किमान मर्यादा कायद्याने घातलेली आहे. पण ती नळीच्या तोंडाशी मोजलेल्या ऊर्जेची. ह्या निकषावर आपल्या दोन्ही गोळ्या समान ठरतात. जनावर नळीच्या तोंडाशी उभे नसते, ही गोष्ट कायद्याच्या भाषेत कशी आणावी हा प्रश्न सोपा नाही, आणि ती न आणल्याबद्दल कायदेकारांना दोष देणेही योग्य होणार नाही.

गुणांकाच्या मोजणीबद्दल दोन शब्द. पूर्वी दोन ठिकाणी वेग मोजून मधल्या टप्प्यातील ऱ्हासावरून तो काढीत. आता डॉप्लर रडारने गोळीचा वेग संपूर्ण मार्गावर सलग नोंदविता येतो. अशी नोंद उपलब्ध असेल तर प्रमाण प्रक्षेप्याची मध्यस्थी हवीच कशाला, त्या गोळीचाच विरोधवक्र गणकयंत्राला द्यावा, असा विचार रूढ होत आहे आणि तो रास्त आहे. तरीही गुणांक इतक्यात नाहीसा होईल असे वाटत नाही. दोन गोळ्यांची झटपट तुलना करण्यास एक आकडा पुरतो आणि वक्र पुरत नाही. मात्र वेग ध्वनिवेगाच्या निकट आला की कोणताही एक आकडा अपुरा पडतो. ७०० मीटरांवर आपली हलकी गोळी ३७० मी./से. वर, म्हणजे ध्वनिवेगाच्या उंबरठ्यावर आलेली असते. तेथे विरोधाचा नियम बदलतो, काही गोळ्या डगमगू लागतात, आणि वर गृहीत धरलेला वर्गमुळाचा नियमही लंगडा होतो. त्या अंतरावरचे हलक्या गोळीचे आकडे म्हणून ढोबळ मानावेत.

थिओडोर रूझवेल्ट व त्यांचे सहकारी ह्यांनी १८८७ मध्ये स्थापिलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने लांब पल्ल्यावरून शिकार करण्याविरुद्ध मत नोंदविले आहे. त्यांचा आक्षेप वाऱ्यावर किंवा गुणांकावर आधारलेला नाही. जनावराला आपल्या इंद्रियांनी धोका ओळखण्याची संधीच उरत नाही, हा आहे. भौतिकीच्या अभ्यासकाला ह्या नैतिक वादात मत देण्याचे कारण नाही. तथापि त्या आक्षेपाची एक बाजू मोजता येण्याजोगी आहे. ५०० मीटरांवर गोळी पोहोचण्यास ०.७७ सेकंद लागतात. बंदुकीचा आवाज त्यानंतर सुमारे ०.७ सेकंदाने पोहोचतो. चाप ओढल्यापासून गोळी लागेपर्यंतच्या ह्या पाऊण सेकंदात चरणारे जनावर संथ चालीने एक पाऊल पुढे टाकील तर ते पाऊण मीटर सरकलेले असते, आणि फुप्फुसावर धरलेला नेम पोटावर उतरतो. जड गोळी घेतली काय किंवा हलकी घेतली काय, ह्या अवधीत फरक पडतो तो ०.००५ सेकंदाचा.